डेकनेटचे वारस

जुना संगणक जपायचा तर तो काचेआड ठेवता येतो. खाली साल लिहिलेली पाटी लावावी, शाळांच्या सहली येऊन बघून जातील. संगणक आपसांत ज्या नियमांनी बोलत होते, ते नियम मात्र काचेआड ठेवता येत नाहीत. प्रोटोकॉल हा दोघांनी पाळायचा शिरस्ता असतो, आणि पाळणारा एकटाच उरला की तो फक्त कागदावर राहतो. म्हणून डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकन कंपनीने १९७५च्या सुमारास बाजारात आणलेलं 'डेकनेट' अजून चालू आहे, याचं मला एखाद्या जुन्या यंत्राचे दिवे पुन्हा लागण्यापेक्षा जास्त नवल वाटतं. कंपनी १९९८ साली विकली गेली. तिला विकत घेणारी कंपनीही पुढे विकली गेली. तरी स्वीडनमधल्या उप्साला या विद्यापीठाच्या गावी सुरू झालेलं 'हेकनेट' नावाचं हौशी जाळं युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या तळघरांमधली, माळ्यांवरची यंत्रं आजही त्याच जुन्या नियमांनी एकमेकांशी जोडून ठेवतं. हा वारसा त्यांच्यापर्यंत कसा पोचला, त्याचा हा मागोवा.

सुरुवात बोस्टनजवळच्या मेनार्ड गावातल्या एका लोकरीच्या गिरणीत होते. गिरणी बंद पडलेली, जागा स्वस्त. १९५७ साली केन ओल्सन आणि हार्लन अँडरसन या दोन इंजिनिअरांनी तिथला एक भाग भाड्याने घेतला. भांडवल ७०,००० डॉलर, तेही जॉर्ज डोरिओ यांच्या गुंतवणूक संस्थेने दिलेलं. संगणकाच्या धंद्यात पैसे बुडतात असं गुंतवणूकदारांचं तेव्हा पक्कं मत होतं. त्यामुळे या मंडळींनी आपल्या यंत्राला संगणक म्हणायचंच टाळलं आणि 'प्रोग्रॅम्ड डेटा प्रोसेसर', म्हणजे पीडीपी, असं बिनधोक नाव दिलं. १९६५चा पीडीपी-८ अठरा हजार डॉलरला मिळायचा. आज ही किंमत कोणाला स्वस्त वाटणार नाही. पण त्या काळी मोठे संगणक लाखांच्या घरात असत, बहुधा भाड्याने घ्यावे लागत, आणि वातानुकूलित खोलीत त्यांच्याभोवती खास माणसांचा पहारा असे. संशोधकाने आपली छिद्रित कार्डं खिडकीतून आत द्यायची आणि दुसऱ्या दिवशी उत्तराचा कागद न्यायला यायचं. पीडीपी-८ आल्यावर एखाद्या प्रयोगशाळेला, कारखान्यातल्या एका विभागाला स्वतःच्या मालकीचा संगणक ठेवणं परवडू लागलं. माणूस यंत्रासमोर बसून त्याला हात लावू लागला. 'मिनिकॉम्प्युटर' म्हटलं की मला यंत्राच्या आकाराआधी ही मालकी आठवते. मिनी म्हणवला जाणारा पीडीपी-११ (१९७०) देखील चांगला कपाटाएवढा होता.

मुंबईतही डिजिटलचं नाव पोचलं होतं. हेमंत सोनावाला यांची हिंडिट्रॉन ही कंपनी भारतात डिजिटलचं काम पाहायची. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सत्तरच्या दशकात डेक-१० आला, आणि त्याभोवती जे राष्ट्रीय सॉफ्टवेअर केंद्र उभं राहिलं त्यातूनच पुढे जुहूची एनसीएसटी झाली. देशातल्या शैक्षणिक जाळ्याच्या उभारणीत या संस्थेचा मोठा वाटा होता. पण डेक-१० हा मिनी नव्हता, ती डिजिटलच्या थोरल्या घराण्यातली यंत्रं. आपण धाकट्यांकडे वळू.

स्वस्त यंत्रांमुळे एक नवीच अडचण उभी राहिली. पूर्वी एका विद्यापीठात एक संगणक असे, आता वीस झाले. भौतिकशास्त्राच्या पीडीपी-११वर असलेली माहिती रसायनशास्त्राच्या पीडीपी-११ला हवी असली, की कोणीतरी टेपचं रीळ काखेत मारून जिने चढायचं. यंत्रं जोडायला हवीत हे सगळ्यांनाच दिसत होतं. कशी जोडायची, यावर मात्र तेव्हा दोन मतं होती. आयबीएमने १९७४ साली आपली एसएनए ही रचना जाहीर केली. तिच्यात उतरंड होती: वर मेनफ्रेम, खाली टर्मिनलं, आणि खालच्यांचं बोलणं वरच्याच्या हुकमाने. डिजिटलकडे वर बसवायला तितका मोठा संगणकच नव्हता. डेक-१०सारखी थोरली सोडली तर त्यांची यंत्रं साधारण एकाच तोलाची. त्यामुळे डेकनेटमध्ये दोन्ही बाजू समान असतात. कोणीही कोणालाही हाक मारावी. लोकशाहीची चाड असल्यामुळे हे झालं असं मी म्हणणार नाही. कंपनीच्या विक्रीच्या यादीतूनच ते आलं. पण पन्नास वर्षांनी कोणाच्या तरी माळ्यावरचं यंत्र दुसऱ्या खंडातल्या यंत्राशी बरोबरीने बोलू शकतं, त्याचं मूळ इथं आहे.

पहिला टप्पा अगदी बाळबोध होता. पीडीपी-११ची आरएसएक्स ही एक प्रणाली, आणि तारेने थेट जोडलेली यंत्रं. दुसऱ्या टप्प्यात वेगवेगळ्या प्रणाली एकमेकींशी बोलू लागल्या आणि जाळ्यातल्या यंत्रांची, म्हणजे नोडांची, मर्यादा ३२ झाली. पण ज्याच्याशी तार जोडलेली नाही त्याच्याशी बोलता येत नव्हतं. १९८०च्या तिसऱ्या टप्प्यात रूटिंग आलं. मधलं यंत्र निरोप पुढे सरकवायला लागलं, एखादी तार तुटली तर दुसरी वाट शोधायला लागलं, आणि मर्यादा २५५वर गेली. कंपनीत नव्यानेच आलेल्या रेडिया पर्लमन यांच्याकडे डेकनेटच्या रूटिंगचं काम होतं. इथरनेटच्या जाळ्यात फेऱ्या पडू नयेत म्हणून १९८५ साली त्यांनी शोधलेला 'स्पॅनिंग ट्री' हा अल्गोरिदम आजही कचेऱ्यांमधल्या स्विचांमध्ये चालतो.

हौशी मंडळींच्या वाट्याला आला तो चौथा टप्पा, १९८२चा. त्याच्याजवळ थोडं थांबायला हवं, कारण आज जे काही जिवंत आहे ते हेच. या टप्प्यात पत्त्याचे दोन भाग झाले. आधी क्षेत्राचा क्रमांक, मग त्या क्षेत्रातल्या नोडचा. पत्ता सोळा बिटांचा: सहा बिट क्षेत्राला, दहा नोडला. म्हणून क्षेत्रं जास्तीत जास्त ६३ आणि प्रत्येकात नोड १,०२३; गुणाकार केला की ६४,४४९. १९८२ साली एवढ्या नोडांचा आकडा कोणालाही अवाढव्यच वाटला असणार. शिवाय याच सुमारास डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स यांनी मिळून इथरनेटचं मानक जाहीर केलं होतं, आणि इथरनेटच्या प्रत्येक कार्डाला कारखान्यातच अठ्ठेचाळीस बिटांचा एक कायमचा क्रमांक मिळत असे. मग डेकनेटचा सोळा बिटांचा पत्ता आणि कार्डाचा अठ्ठेचाळीस बिटांचा क्रमांक यांची सांगड कशी घालायची? इंटरनेटच्या मंडळींनी त्यासाठी एआरपी नावाचा वेगळा प्रोटोकॉल केला, ज्यात 'हा पत्ता कोणाचा?' असं सगळ्यांना विचारलं जातं. डिजिटलच्या इंजिनिअरांनी विचारायचीच गरज ठेवली नाही. डेकनेट सुरू झालं की ते कार्डाचा कारखान्यातला क्रमांक बाजूला सारतं आणि आपल्या पत्त्यावरून तयार केलेला क्रमांक त्याच्यावर चढवतं. १.१३ हा पत्ता घ्या. १ गुणिले १,०२४ अधिक १३, म्हणजे १,०३७. सोळाच्या पायात तो ०४०डी होतो, दोन बाइटांची अदलाबदल होते, आणि त्यांच्या आधी एए-००-०४-०० हा ठरलेला भाग लागतो. कार्ड आता एए-००-०४-००-०डी-०४ हे नाव सांगतं. पत्ता कळला की कार्डाचा क्रमांक हिशेबानेच कळतो.

युक्ती देखणी आहे. तिच्यामुळे आज हौशी लोकांना किती त्रास होतो, ते पुढे येईलच.

वापरणाऱ्याला यातलं काहीच दिसत नसे. त्याच्या लेखी सगळं जाळं दोन अपूर्णविरामांत मावत होतं. नोडचं सहा अक्षरांपर्यंतचं नाव, मग '::', मग फाइलचं नाव. कॉपी, टाइप, डिरेक्टरी या नेहमीच्या आज्ञांना अशी फाइल दिली की ती शेजारच्या डिस्कवर आहे का शेजारच्या देशात, याची चिंता आज्ञेने करायची. १९७७ साली आलेल्या व्हॅक्स संगणकावर आणि त्याच्या व्हीएमएस प्रणालीवर ही सोय इतकी मुरली होती, की ज्यांनी ती वापरली ते आजही तिच्याबद्दल हळवे होतात. मला हा हळवेपणा पटतो. फाइल लांब असली तर आधी वेगळा प्रोग्राम उघडा, लॉगिन करा, आणा, मग वापरा, या पायऱ्या तिथं नव्हत्याच. 'फोन' नावाच्या प्रोग्रामात पडद्याचे आडवे दोन भाग होत आणि समोरचा माणूस अक्षर टाइप करून खोडतो तेसुद्धा दिसे.

अशा जाळ्यांमध्ये डिजिटलचं स्वतःचं 'ईझीनेट' प्रचंड होतं. त्याच्यावरच्या 'व्हॅक्स नोट्स' या चर्चाफलकावर कंपनीतली माणसं कामाबरोबर स्वयंपाकाच्याही गोष्टी करायची. दुसरं 'स्पॅन', नासाचं, अवकाश भौतिकीच्या संशोधकांसाठी. तिसरं 'हेपनेट', उच्च ऊर्जा भौतिकीवाल्यांचं, ज्यात युरोपातली सर्न आणि अमेरिकेतली फर्मीलॅब अशा प्रयोगशाळा होत्या. स्पॅन आणि हेपनेट ही दोन्ही जाळी एकमेकांना जोडलेली आणि पत्ते सामायिक. इतकी माणसं आली, की ६३ क्षेत्रं पुरेनात. मग 'लपलेली क्षेत्रं' नावाची तोड निघाली, ज्यात तोच क्षेत्रक्रमांक अनेक ठिकाणी आतल्या आत वापरायचा आणि बाहेर कळू द्यायचा नाही.

या जाळ्यांचा सगळा कारभार भरवशावर चालायचा. पासवर्ड तारेवरून उघडे जात. अनेक यंत्रांवर डेकनेट बसवताना तयार झालेलं एक सामाईक खातं तसंच राहिलेलं असे, आणि त्याचं नाव-पासवर्ड छापील पुस्तकात असे. २२ डिसेंबर १९८८ला स्वित्झर्लंडमधल्या एका नोडवरून एक छोटा प्रोग्राम, म्हणजे 'किडा' (वर्म), सुटला. तो एका यंत्रावरून दुसऱ्यावर उड्या मारत गेला आणि सांताक्लॉजच्या नावाने नाताळच्या शुभेच्छांचं पत्र वाटू लागला. नुकसान फारसं नव्हतं, लोकांनी हसून सोडून दिलं. पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात हसण्यासारखं काही नव्हतं. गुरू ग्रहाकडे निघणाऱ्या 'गॅलिलिओ' यानात प्लुटोनियमवर चालणारे वीजस्रोत होते. उड्डाणात अपघात झाला तर किरणोत्सार पसरेल, म्हणून निदर्शनं चालली होती. उड्डाण १८ ऑक्टोबर १९८९ला झालं. त्याच्या दोनच दिवस आधी नासाच्या यंत्रांवर लॉगिन करणाऱ्यांना अण्वस्त्रविरोधी घोषणा दिसली आणि आपल्या फाइली पुसल्या जात आहेत असंही दिसू लागलं. खरं तर पुसलं काहीच जात नव्हतं, पुसल्याचा देखावा चालला होता. पण पडद्यावर फाइलींची नावं सरकताना बघणाऱ्या शास्त्रज्ञाला ते कसं कळावं? हा 'वँक' किडा ऑस्ट्रेलियातून, बहुधा मेलबर्नमधून, आला असं पुढे मानलं गेलं. शिक्षा कोणालाच झाली नाही.

डेकनेटचं राज्य या किड्यांमुळे संपलं असं कोणी सांगतं, ते मला मान्य नाही. ते संपलं डिजिटलच्याच एका शहाणपणाच्या निर्णयामुळे. १९८७ साली पाचवा टप्पा जाहीर झाला. त्यात स्वतःचे नियम सोडून ओएसआय या आंतरराष्ट्रीय मानकांकडे जायचं ठरलं. सरकारं, टेलिफोन खाती, मानक ठरवणाऱ्या समित्या, सगळे तेव्हा भविष्य ओएसआयचंच आहे असं सांगत होते. समित्या बसल्या होत्या तोवर विद्यापीठांनी युनिक्सबरोबर फुकट येणारं टीसीपी/आयपी, म्हणजे इंटरनेटचे नियम, चालू करून टाकलं होतं. पाचवा टप्पा जड, उशिरा आलेला आणि समजायला अवघड निघाला. बऱ्याच ठिकाणी लोक चौथ्यावरच थांबले आणि तिथून सरळ इंटरनेटवर गेले. शिखरावर असताना सव्वा लाख माणसं कामाला असलेल्या कंपनीला दुसऱ्या बाजूने पर्सनल कॉम्प्युटर खात होता. १९९२ साली ओल्सनना पायउतार व्हावं लागलं. १९९८ साली कॉम्पॅकने ९६० कोटी डॉलरला कंपनी घेतली आणि २००२ साली एचपीने कॉम्पॅकला घेतलं.

इथं वंशवृक्षाला दोन प्रकारच्या फांद्या फुटतात. एक, जिथं रक्त आहे पण नाव नाही. पाचव्या टप्प्यासाठी डिजिटलमध्ये घडलेला आयएस-आयएस हा रूटिंग प्रोटोकॉल नंतर आंतरराष्ट्रीय मानक झाला, आणि मोठमोठ्या इंटरनेट कंपन्यांच्या कण्यात आजही तोच आहे. व्हीएमएसच्या शिल्पकारांपैकी डेव्ह कटलर १९८८ साली मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि तिथं त्यांनी विंडोज एनटी उभी केली; आजची प्रत्येक विंडोज तिच्याच पोटातली. १९७८च्या व्हीटी-१०० या टर्मिनलची नक्कल प्रत्येक लिनक्स आणि मॅकच्या काळ्या खिडकीत होते. आणि आपल्याकडे रेल्वेचं आरक्षण. सीएमसी या कंपनीने १९८५-८६मध्ये दिल्लीत संगणकीय आरक्षण सुरू केलं ते व्हॅक्सवर. पुढे 'कॉन्सर्ट' या प्रणालीने दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाच केंद्रं १९९९पर्यंत एकमेकांना जोडली, तीही व्हीएमएसच्याच आधाराने. त्याआधी मुंबईहून निघणाऱ्याला परतीचं आरक्षण हवं असेल तर तार करून उत्तराची वाट बघावी लागे. दादरच्या खिडकीवर वाराणसी-मुंबईचं तिकीट हातात पडलं, तेव्हा रांगेतल्या कोणाला मेनार्डच्या गिरणीचं नाव माहीत असण्याचं कारण नव्हतं.

दुसरी फांदी नाव जपणाऱ्यांची. तिचं मूळ कंपनीपेक्षा ग्राहकांत जास्त आहे. डिजिटलच्या यंत्रांचे वापरकर्ते १९६१पासून 'डेकस' या संघटनेत एकत्र येत होते. आपण लिहिलेले प्रोग्राम टेपवर उतरवून एकमेकांना द्यायचे, संमेलनांत भेटायचं, कंपनीच्या इंजिनिअरांना धारेवर धरायचं, असा तिचा रिवाज. डिजिटलही सर्किटचे नकाशे आणि जाड तांत्रिक पुस्तकं ग्राहकाला मोकळ्या हाताने देत असे. नव्वदच्या दशकात विद्यापीठं आणि कंपन्या मिनिकॉम्प्युटर भंगारात काढू लागल्या. तेव्हा गाडी घेऊन ते उचलायला गेलेल्यांमध्ये याच वातावरणात वाढलेली माणसं होती. उप्साला विद्यापीठातल्या 'अपडेट' या संगणक क्लबकडे अशी बरीच यंत्रं जमली. पुस्तकांचं काम 'बिटसेव्हर्स'सारख्या संग्रहांनी केलं; तिथं हजारो जुन्या पुस्तिका पानापानाने स्कॅन होऊन मिळतात. तो संग्रह नसता तर पुढचं काहीच जमलं नसतं असं मला वाटतं.

कारण भंगारातून आणलेलं यंत्र प्लगला जोडून बटण दाबायचं नसतं. ज्याने दाबलं त्याला बहुधा धूर दिसतो. वीज आत शिरते तिथले जुन्या घडणीचे कागदी कपॅसिटर दमट होऊन फुटतात. ते आधी बदलायचे. मग सगळी कार्डं बाहेर काढून नुसता पॉवर सप्लाय चालवायचा, त्याच्यावर दिव्याचा बोजा टाकून बघायचा. पाच व्होल्टच्या जागी सहा-सात आले तर चाळीस वर्षं टिकलेल्या चिप एका क्षणात जातात. निकेल-कॅडमियमच्या गळक्या बॅटरीने बोर्डाचं तांबं खाल्लेलं असतं, तिथं बारीक तारेने एकेक रेघ जोडत डाग द्यायचा. पंख्यांच्या आणि गाळण्यांच्या फोमची भुकटी होते आणि ती डिस्कच्या वाटेला लागते. आरएल०२ सारख्या, एका चकतीत दहा मेगाबाइट ठेवणाऱ्या ड्राइव्हमध्ये डोकं चकतीवर हवेच्या पातळ थरावर तरंगतं, म्हणजे धुळीचा एक कण पुरे. आरडी५३ नावाच्या हार्ड डिस्कचा लौकिक तर वेगळाच. आतला रबराचा एक इवलासा ठोकळा कालांतराने वितळून चिकट होतो आणि डोकं त्यालाच चिकटून बसतं. झाकण उघडायचं, रबरावर टेपचा तुकडा लावायचा, बंद करायचं. हार्ड डिस्क कधी उघडू नये असं जगाला शिकवलेलं आहे, आणि ही मंडळी मात्र ती उघडतात. टर्मिनलच्या पडद्यावर काच आणि नळी यांच्यामधल्या चिकट थरात ढगाळ डाग पडतात, त्याला ते मोतीबिंदूच म्हणतात.

एवढं करूनही असं यंत्र रात्रंदिवस कोणी चालू ठेवत नाही. वीज फार खातं, आवाज घरच्यांना सोसत नाही. मग जाळ्यावर त्याचा पत्ता कोण सांभाळणार? इथं डिजिटलचेच एक माजी उपाध्यक्ष कामाला आले. बॉब सुपनिक यांनी १९९३पासून 'सिमएच' हा सिम्युलेटर लिहायला घेतला. पीडीपी-८, पीडीपी-११, व्हॅक्स आणि इतर अनेक यंत्रं तो साध्या पीसीवर, आणि आता तळहाताएवढ्या रास्पबेरी पायवर, हुबेहूब वठवतो. हेकनेटवरचे पुष्कळ नोड असेच सिम्युलेटरवर आहेत. अस्सल लोखंडाचे भक्त यावर नाक मुरडतात. मला त्यांचं दुःख कळतं, पण बाजू मी सिम्युलेटरची घेईन. प्रोटोकॉलला समोरचा कशाचा बनला आहे याची चौकशी करायची सवय नाही. समोरून वेळेवर आणि नियमाप्रमाणे उत्तर आलं, की त्याच्या लेखी तिथं नोड आहे. ज्याच्याकडे खरी पीडीपी-११ आहे, त्याने ती रविवारी चालू करायची आणि सोमवारी त्याच पत्त्यावर सिम्युलेटर बसवायचा. पलीकडच्याला फरक कळत नाही.

हेकनेट घडवताना खरी अडचण वेगळीच होती. घराघरांतून येते ती इंटरनेटची तार, आणि तिच्यावरून डेकनेटचं पाकीट जात नाही. उप्सालाच्या अपडेट क्लबमधल्या एका प्रोग्रामरने यावर एक लहानसा 'ब्रिज' लिहिला. घरातल्या इथरनेटवर डेकनेटचं पाकीट दिसलं, की हा प्रोग्राम ते उचलून इंटरनेटच्या पाकिटात घालतो आणि दुसऱ्याच्या घरी पाठवतो. तिथला ब्रिज ते उघडून त्या घरच्या इथरनेटवर सोडतो. दोन्हीकडच्या यंत्रांना वाटतं की आपण एकाच खोलीत, एकाच केबलवर आहोत. पण इथं जुनी देखणी युक्ती आडवी येते. वाय-फाय दुसऱ्याच क्रमांकाची पाकिटं घ्यायला सहसा तयार नसतं, व्हर्च्युअल मशीन अनेकदा कार्डाचा क्रमांक बदलू देत नाही, आणि नवा सदस्य सगळं बरोबर करूनही नोड का दिसत नाही म्हणून डोकं धरून बसतो. शिवाय एका 'केबलवर' फार घरं आली की जुन्या रूटरच्या तक्त्यात जागा उरत नाही, आणि अटलांटिकपलीकडचं मंद यंत्र आपलं शेजारी आहे अशा समजुतीने हिशेब होऊ लागतात. म्हणून हळूहळू लोक ब्रिजकडून खऱ्या रूटिंगकडे वळले. कोणी जुने सिस्को रूटर आणले, ज्यांच्यात डेकनेट अजून होतं. कोणी पायथॉनमध्ये लिहिलेलं 'पायडेकनेट' चालवतात. ते एका माजी डिजिटल इंजिनिअरचं काम, म्हणजे तरुणपणी डिजिटलसाठी जे केलं तेच निवृत्तीच्या वयात स्वतःसाठी पुन्हा केलेलं.

प्रवेशाची रीत साधी. नोडचं नाव आणि पत्ता मागायचा. चार नोड असतील तर कोणाच्या तरी क्षेत्रात जागा मिळते, जास्त असतील तर एखादं क्षेत्रच नावावर होतं. नासाला आणि सर्नला कमी पडलेली ६३ क्षेत्रं इथं पुरतात. आत आलं की 'मिम' या उप्सालाच्या आरएसएक्स यंत्रावर पाहुणा म्हणून डोकावता येतं, दुसऱ्याच्या डिस्कवरची फाइल दोन अपूर्णविराम टाकून बघता येते, पत्र पाठवता येतं. पासवर्ड आजही उघडेच जातात. बाहेरच्या जगात हा गाफीलपणा ठरेल. इथं मात्र १९८२ची शिस्त जशीच्या तशी चालू शकते, कारण जाळं लहान आहे आणि बहुतेक जण एकमेकांना नावाने ओळखतात. उप्सालाच्या त्याच प्रोग्रामरने आरएसएक्ससाठी टीसीपी/आयपीसुद्धा लिहिलं, म्हणजे पीडीपी-११ डेकनेट सोडून बाहेरच्या इंटरनेटशीही स्वतःच बोलू शकते.

अलीकडे या जाळ्याला जे धक्के बसले ते लोखंडाचे नाहीत. लिनक्सच्या गाभ्यात डेकनेटचा एक भाग वर्षानुवर्षं होता. त्याला २०१०पासून वाली नव्हता, आणि २०२२ साली ६.१ आवृत्तीच्या वेळी तो काढून टाकण्यात आला. कोणी सांभाळत नसलेला, जाळ्यातून येणारी पाकिटं उघडणारा कोड ठेवणं म्हणजे चोरांना दार. काढणाऱ्यांचं काही चुकलं नाही. त्याहून मोठा धक्का परवान्यांचा. हौशी लोकांना व्हीएमएस फुकट वापरू देणारी योजना १९९७ साली सुरू झाली होती, आणि एचपीच्या वारस कंपनीने २०२० साली ती बंद करत असल्याचं सांगितलं. व्हीएमएस पुढे चालवणाऱ्या व्हीएसआय कंपनीने आपला वेगळा सामुदायिक परवाना काढला आणि २०२४मध्ये तोही आखडता घेतला. व्हॅक्स तर तिच्या हक्कांतच नाही. व्हीएमएसमध्ये परवान्याची एक किल्ली असते, तिच्यावर तारीख असते, आणि डेकनेटसाठी आणखी एक वेगळी किल्ली लागते. तारीख उलटली की व्हॅक्स ठणठणीत असूनही जाळ्यावर येत नाही. कोणी घड्याळच मागच्या सालात ठेवावं, एवढाच काय तो उपाय.

व्हॅक्सच्या आधीच्या पीडीपी-११ला ही भानगड नाही. आरएसएक्स आणि आरएसटीएस या तिच्या प्रणाली किल्ली मागत नाहीत. त्यांच्या काळी करार कागदावर होत आणि टेप हवी तितक्या वेळा चढवता येई. त्यामुळे आज हेकनेटवर धाकट्या व्हॅक्सचा परवाना संपलेला आणि थोरली पीडीपी-११ बिनबोभाट चालू, असं उलटं चित्र दिसू शकतं. दोघांच्या मधला निरोप्या बहुतेक वेळा पायथॉनमधला तो प्रोग्राम असतो, आणि त्यालाही कोणाचा परवाना लागत नाही. तो ज्या कागदांवरून लिहिता आला, ते चौथ्या टप्प्याचे सगळे तपशील डिजिटलने ऐंशीच्या दशकात स्वतःच छापून सर्वांसाठी खुले केले होते, आणि त्यांच्यावर मुदतीची तारीख घातलेली नव्हती.